बोट ठेवायला जागा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा चालू होती. मुलीने क्वांटम डॉट, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारे अतिसूक्ष्म ठिपके, वापरून मेमरीचा एक सेल डिझाइन केला होता आणि मी तिची गाइड. स्क्रीनवर हिरवे, जांभळट, आकाशी आणि पांढरे चौकोन एकमेकांना खेटून उभे होते, मधोमध त्यांचंच एक रिंगण. बाहेरून आलेले परीक्षक शांतपणे ऐकत होते. वयस्कर गृहस्थ, मायक्रोप्रोसेसर शिकवण्यात हयात गेलेली. तिचं सांगून झालं तसे ते खुर्चीतून पुढे झुकले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. मला एवढंच सांग, तू साठवलेला 1 नक्की कुठे आहे? बोट ठेवून दाखव." तिने रिंगणाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. मग ते वर सरकवलं. मग उजवीकडे, खाली, परत डावीकडे. "सर, आत्ता इथे... म्हणजे पुढच्या फेजला इथे..." बोट फिरतच राहिलं. काचेवर बोटाचा तेलकट माग उमटला, अगदी रिंगणाबरहुकूम. परीक्षक हसले, गुण चांगले दिले आणि उठता उठता मला म्हणाले, "मॅडम, हिला साठवणं आणि फिरवणं यातला फरक एकदा समजावून सांगा."

मी "हो सर" म्हणाले. पण समजावायला बसले तेव्हा तो फरक माझ्याच हाती लागेना.

त्यांच्या प्रश्नात वावगं काही नव्हतं. त्यांची पिढी, आणि माझीही, मेमरी म्हणजे कप्पे असंच शिकत आली. पत्ता द्यायचा, त्या पत्त्यावरचा कप्पा उघडतो, आत 0 किंवा 1 मुकाट बसलेला असतो. तिच्या डिझाइनमध्ये कप्पाच नाही. क्वांटम डॉट सेल्युलर ऑटोमेटा हे त्या पद्धतीचं लांबलचक नाव, बोलताना सगळे क्यूसीए म्हणतात. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात क्रेग लेंट, वोल्फगांग पोरोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली ती मांडली. यातल्या एकेका चौकोनालाही सेलच म्हणतात. त्याच्या चार कोपऱ्यांत चार डॉट आणि आत फक्त दोन जादा इलेक्ट्रॉन. दोघेही ऋणभारित, त्यामुळे एकमेकांपासून जमेल तितके लांब जातात, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांना. कर्ण दोनच, तेव्हा बसायच्या तऱ्हाही दोनच. एकीला 0 म्हणायचं, दुसरीला 1. शेजारी दुसरा चौकोन ठेवला की त्यातले इलेक्ट्रॉन पहिल्याचा अंदाज घेऊन आपली बैठक ठरवतात, तिसऱ्यातले दुसऱ्याचा. चौकोनांची रांग मांडली की झाली तार. या तारेतून एकही इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही, पुढे जाते ती फक्त बसण्याची तऱ्हा. तीन रांगा एका चौकोनावर येऊन मिळाल्या तर तो बहुमताचं ऐकतो, आणि तिघांपैकी एकाला कायमचा 0 किंवा 1 करून टाकलं की तुमचं अँड किंवा ऑर गेट तयार, म्हणजे दोन्ही इनपुट 1 असतील तरच 1 देणारं, किंवा एक जरी असलं तरी 1 देणारं. ट्रान्झिस्टरवर वाढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा वाचताना थोडी गंमत वाटते आणि थोडा संशयही येतो. मला दोन्ही झालं होतं, आणि संशय अजून पुरता गेलेला नाही.

रांग लांबली की मात्र नुसत्या शेजारधर्मावर भागत नाही. अधेमधे कुणीतरी चुकीचा बसतो आणि पुढचे सगळे त्याच्यामागे जातात. म्हणून क्लॉक लागतं, म्हणजे ठरावीक तालात चढउतार होणारा विजेचा इशारा. डॉट आणि डॉट यांच्यामधला अडथळा क्लॉकने कमी-जास्त करायचा. अडथळा चढत असताना सेल आपली बाजू ठरवतो, चढल्यावर ती धरून ठेवतो, मग अडथळा उतरतो आणि सेल सैल पडतो, मग काही काळ कुठल्याच बाजूचा राहत नाही. असे चार टप्पे, आणि चिपचे भागही चार, प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा पाव चक्र मागे. स्क्रीनवरचे ते चार रंग याचेच. या क्षेत्रात बहुतेक जण वापरतात ते क्यूसीए-डिझायनर नावाचं सॉफ्टवेअर कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातून आलं, आणि त्यात पहिल्या क्लॉकचे सेल हिरवे, दुसऱ्याचे जांभळट, तिसऱ्याचे आकाशी, चौथ्याचे पांढरे दिसतात. इनपुट निळं, आउटपुट पिवळं, कायमचे बांधून टाकलेले सेल नारिंगी. रात्री उशिरापर्यंत हे बघत बसलं की डोळे मिटल्यावरही चौकोन दिसत राहतात.

आता यात बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, धरून कसा ठेवायचा? प्रत्येक सेलची धरून ठेवायची मुदत क्लॉकच्या पाव चक्राएवढीच. पुढच्या क्षणी त्याला सैल पडावंच लागतं, कारण तेच क्लॉक बाकीच्या चिपलाही हाकत असतं. एकट्या मेमरीसाठी ते थांबवलं तर सगळं गणितच ठप्प होईल. तेव्हा उपाय एकच, सेल सैल पडायच्या आत बिट पुढच्याला देऊन टाकायचा, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि रांगेचं शेपूट वळवून तोंडाशी आणून जोडायचं. चारही क्लॉक रिंगणात हजर हवीत, म्हणजे कुठल्याही क्षणी निदान एक भाग बिट धरून असतो. रिंगणाच्या तोंडाशी दोन-तीन बहुमत-गेटं: लिहायचा हुकूम आला तर बाहेरचा नवा बिट आत घ्यायचा, नाहीतर फिरून आलेला जुनाच पुन्हा सोडायचा. याहून वेगळ्या रचना आहेत, त्यांत बिट रिंगणाऐवजी एका रेषेवर पुढे-मागे येरझारा घालतो. पण उभा राहत नाही तो कशातच. त्या मुलीला हजरजबाबी उत्तर देता आलं असतं की, "सर, आधी क्लॉक थांबवा, मग दाखवते." तोंडी परीक्षेत असली उत्तरं सुचत नाहीत, ती घरी जाताना सुचतात. तिलाही तशीच सुचली असेल.

आणि ही फिरती मेमरी काही नवी टूम नाही. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेला एडसॅक हा संगणक 1949 च्या मे महिन्यात पहिला प्रोग्राम चालवू लागला, तेव्हा त्याची सगळी मेमरी पाऱ्याच्या नळ्यांमध्ये होती. दीडेक मीटर लांबीची नळी, पाऱ्याने भरलेली, दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे स्फटिक. एका टोकाच्या स्फटिकाला विजेचा धक्का दिला की तो थरथरतो आणि पाऱ्यातून ध्वनीची लाट निघते. पाऱ्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1450 मीटर जातो, म्हणजे दुसऱ्या टोकाला पोचायला एक मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तिच्या मागोमाग आणखी शेकडो लाटा सोडता येतात. दुसऱ्या टोकाला क्षीण होऊन आलेली लाट उचलायची, ताजी करायची, परत पहिल्या टोकाला सोडायची. एका नळीत पाचशेहून जास्त बिट असे एकामागून एक धावत असायचे. रडारसाठी घडवलेलं तंत्र प्रेस्पर एकर्ट यांनी संगणकाकडे वळवलं होतं. तापमान जरा बदललं की पाऱ्यातला ध्वनीचा वेग बदलायचा आणि बिट वेळेवर पोचायचे नाहीत. ॲलन ट्युरिंगने पाऱ्याऐवजी जिन ही दारू वापरायची सूचना केली होती असं सांगतात, आणि ती निव्वळ थट्टा नव्हती. पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण योग्य प्रमाणात घेतलं तर त्यातला ध्वनीचा वेग तापमानाला फारशी दाद देत नाही. या नळ्यांकडे बोट दाखवून कुणी विचारलं असतं की साठवलेला 1 कुठे आहे, तर विल्क्स काय म्हणाले असते? तेही बहुधा नळीवरून बोट फिरवत बसले असते.

सांगितलेला फोन नंबर लिहायला पेन सापडेपर्यंत आपण तो पुटपुटत घरभर हिंडतो ना, तसंच हे. पुटपुटणं थांबलं की नंबर गेला.

परीक्षकांनी आयुष्यभर शिकवलेली साधी रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामापुरती मेमरी, तीसुद्धा याहून फार वेगळी नाही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनर्ड यांनी 1960 च्या दशकात शोधलेला डीरॅमचा, म्हणजे याच रॅमचा, सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. त्यातला विद्युतभार गळतोच, म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. शिवाय वाचलं की आतलं पुसतं, ते परत भरावं लागतं. म्हणजे तुम्ही हे वाचत असताना तुमच्या फोनच्या रॅममधला प्रत्येक बिट सेकंदाला पंधराएक वेळा मरणाच्या दारातून परत आणला जातोय. फरक इतकाच की तो त्याच जागेवर परत आणला जातो, त्यामुळे बोट ठेवायची सोय आहे. परीक्षकांना हवी होती ती साठवणूक नव्हतीच, त्यांना पत्ता हवा होता. हे मला बऱ्याच उशिरा सुचलं आणि सुचल्यावर जरा बरं वाटलं.

पण बरं वाटणं टिकलं नाही, कारण खरंच साठवणारी मेमरीही असते आणि तिच्या भानगडीत मी स्वतः बरीच वर्षं घालवली आहेत. 1967 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत डावन कांग आणि सायमन झी यांनी तरंगतं गेट सुचवलं. ट्रान्झिस्टरच्या आत चारी बाजूंनी ऑक्साइडने, म्हणजे वीज अडवणाऱ्या थराने, वेढलेला वाहकाचा तुकडा, ज्याला कुठलीच तार जोडलेली नाही. त्यावर इलेक्ट्रॉन ढकलले की ते तिथेच अडकतात, वीज गेली तरी. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, फ्लॅश मेमरीचं सगळं खानदान याच कल्पनेतून आलं. इलेक्ट्रॉन आत जातात ते ऑक्साइडच्या भिंतीतून, भिंत न फोडता आरपार, आणि हीच गोम आहे. जी भिंत त्यांना आत येऊ देते तीच त्यांना बाहेरही जाऊ देते. अगदी पातळ ऑक्साइडमध्ये जाडी 0.2 नॅनोमीटरने वाढली की गळती साधारण दहापट घटते. सिलिकॉनच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतरही याहून जास्त असतं. भिंत जाड केली तर लिहायला जास्त व्होल्टेज आणि जास्त वेळ, पातळ केली तर लिहिलेलं उद्यापर्यंत राहील याची खात्री नाही. फ्लॅशवाल्यांनी आठ-दहा नॅनोमीटरवर तडजोड केली आणि तिथेच अडकले. त्याहून पातळ गेलं की ऑक्साइडमध्ये कुठेतरी एखादा दोष निघायचा, आणि तरंगतं गेट अखंड वाहक असल्याने त्या एका भोकातून सगळा साठा वाहून जायचा.

इथे डॉट आले. आयबीएममध्ये संदीप तिवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995-96 च्या सुमारास दाखवलं की त्या अखंड तुकड्याऐवजी सिलिकॉनचे पाच-पाच नॅनोमीटरचे सुटे कण पसरवले तर एक भोक पडल्याने त्याच्यावरचा एखादा कणच रिता होतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. मग भिंतही पातळ ठेवता येते. वर आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. इतक्या लहान कणावर एक इलेक्ट्रॉन चढला की त्याच्या नुसत्या असण्यानेच दुसऱ्याला वर यायला जास्त ऊर्जा लागते. पाच नॅनोमीटरच्या कणाची ऑक्साइडमधली धारकता (कपॅसिटन्स, भार मावून घेण्याची क्षमता) एका फॅरडच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग, आणि त्यावरून हिशेब केला तर पहिल्या इलेक्ट्रॉनची किंमत येते सुमारे 74 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, इलेक्ट्रॉनची ऊर्जा याच एककात मोजतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेने होणारी धडपड 26 च्या आसपास. म्हणजे थंड न करताही इलेक्ट्रॉन एकेक करून मोजता येण्याच्या उंबरठ्यावर आपण येतो. क्वांटम डॉट म्हटलं की लोकांना टीव्हीचा पडदा आठवतो, 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल आठवतं, कुपीत चमकणारे लाल-हिरवे द्राव आठवतात. माझ्या डॉटना रंग नव्हता. ते ऑक्साइडच्या दोन थरांच्या मधे अंधारात पडलेले होते आणि ते तिथे आहेत याचा पुरावा म्हणजे मीटरवरची एक वाकडी रेष.

त्या रेषेबद्दल सांगायला हवं. वेफरचा, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीचा, तुकडा काळ्या पेटीत ठेवायचा, खालून व्हॅक्यूमने धरायचा, सूक्ष्मदर्शकातून बघत सुई अलगद धातूच्या ठिपक्यावर उतरवायची. सुई टेकली की ठिपक्यावर केसाएवढा ओरखडा उमटतो, तो दिसला की समजायचं लागली. मग झाकण लावायचं, कारण सिलिकॉनवर उजेड पडला की नसते इलेक्ट्रॉन तयार होतात. व्होल्टेज हळूहळू वर न्यायचं, हळूहळू खाली आणायचं, आणि कपॅसिटन्सचा आलेख बघायचा. आत काहीच अडकलं नसेल तर रेष गेली त्याच वाटेने परत येते. डॉट भरले असतील तर येताना वाट बदलते. जाण्या-येण्याच्या वाटांमधलं ते अंतर म्हणजेच मेमरी, व्होल्टमध्ये मोजलेली. पहिल्यांदा ती फट पडलेली दिसली तेव्हा मी पंपाच्या घरघरीत एकटीच मोठ्याने "आली" म्हणाले होते, हे अजून आठवतं. मग लगेच शंका, की ही डॉटची आहे की ऑक्साइडमधल्या घाणीची? कारण दोष आणि अशुद्धीही इलेक्ट्रॉन पकडतात, आणि मीटरला त्यातला फरक कळत नाही. त्यासाठी डॉट न घातलेला जुळा नमुना बनवावा लागतो. त्याचीही फट रुंद निघाली तर सगळ्या आनंदावर पाणी.

त्याहून विलक्षण काम म्हणजे विसरण्याची मोजणी. मेमरी दहा वर्षं टिकली पाहिजे असा दंडक आहे, आणि दहा वर्षं थांबायला कुणाला वेळ आहे? म्हणून नमुना तापवायचा. 85 अंश, 125, 150, आणखी वर. उष्णतेने इलेक्ट्रॉन भराभर निसटतात. प्रत्येक तापमानाला फट किती वेळात अरुंद होते ते टिपायचं आणि त्यावरून रेष लांबवत नेऊन नेहमीच्या तापमानाला किती वर्षं लागतील ते ठरवायचं. वेळेचा अक्ष लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या दहापट, त्यामुळे एका सेकंदापासून दहा वर्षांपर्यंतचं सगळं बोटभर कागदात मावतं, आणि प्रत्यक्ष मोजलेले ठिपके त्याच्या अलीकडच्या भागात दाटीवाटीने बसलेले. पुढची तुटक रेष आपली श्रद्धा. आपल्या फोटोंच्या टिकाऊपणाची हमी अशाच तुटक रेषांवर उभी आहे, हे कळल्यापासून मी महत्त्वाचं काहीही एकाच ठिकाणी ठेवत नाही. गळण्याची वाट तापमानानुसार बदलत असेल तर ही रेष खोटी बोलू शकते, आणि पातळ भिंतींच्या बाबतीत ती बदलतेच, कारण भिंतीतून आरपार जाणाऱ्याला उष्णतेची फारशी गरज नसते.

डॉटच्या मेमरीचं पुढे काय झालं? ती खरोखर बाजारात आली. फ्रीस्केल कंपनीने 2010 च्या सुमारास आपल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे यंत्रांत बसवायच्या छोट्या संगणक-चिपमध्ये, सिलिकॉन नॅनोक्रिस्टलची, म्हणजे याच डॉटची, फ्लॅश घातली. वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण क्वांटम डॉट वापरतोय हे माहीत होतं, शंकाच आहे. पण मोठ्या साठवणुकीच्या शर्यतीत तिचा पाड लागला नाही, आणि कारण फार साधं आहे. चौरस सेंटिमीटरला एकावर बारा शून्यं इतके दाट डॉट पसरले तरी एकाच्या वाट्याला शंभर चौरस नॅनोमीटर येतात. 90 नॅनोमीटर बाजूच्या सेलमध्ये म्हणजे ऐंशीएक डॉट, दोन-चार कमी-जास्त झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. सेल 20 नॅनोमीटरचा केला की उरतात चार. आणि डॉट कुणी एकेक मांडत नाही, ते वाफेतून आपापल्या मर्जीने पृष्ठभागावर धरतात. त्यामुळे कुठल्या सेलमध्ये चार, कुठे दोन, कुठे सहा, एखाद्यात एकही नाही. अब्जावधी सेलच्या चिपमध्ये हे चालत नाही. शेवटी बाजी मारली ती सिलिकॉन नायट्राइडने. त्या पदार्थात अंगचेच दोष इतके दाट असतात की तेच इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. आज 200 हून अधिक थर एकावर एक रचलेल्या फ्लॅशमध्ये बहुतेक ठिकाणी हाच थर आहे. आम्ही जी घाण म्हणून जुळ्या नमुन्यात शोधत होतो, तिनेच आमच्या डॉटचं काम जास्त बिनबोभाट केलं. याचं मला वाईट वाटतं का? हो, थोडं. अजूनही. कल्पना डॉटवाल्यांचीच जिंकली, की साठा सुटासुटा ठेवा. पण कल्पना जिंकली म्हणून कुणी डॉट बनवायची भट्टी चालू ठेवत नाही.

तर एवढं सगळं पाहून आलेली मी, त्या मुलीच्या निर्दोष रिंगणाकडे बघत होते. तिच्या स्क्रीनवर प्रत्येक सेल 18 नॅनोमीटरचा, प्रत्येक डॉट बरोबर 5 नॅनोमीटरचा, दोन सेलमध्ये 2 नॅनोमीटरची मोकळी फट, आणि एकही डॉट जागचा हललेला नाही. कारण हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेले येतात. त्याच खिडकीत खाली तापमानाचा रकाना असतो, त्यातही एक आकडा आधीच भरलेला असतो. 1 केल्विन. निरपेक्ष शून्याच्या एक पाऊल वर. मी कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. शेजारचे दोन सेल विरुद्ध बाजूंनी बसले तर किती ऊर्जा जास्त लागते? या मापांना आणि गॅलियम आर्सेनाइडसारख्या पदार्थाला ती येते साधारण दीड मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. 1 केल्विनला उष्णतेची धडपड त्याच्या सतराव्या हिश्शाएवढी, म्हणून सगळे सेल शहाण्यासारखे वागतात. 300 केल्विनला चित्र बरोबर उलटतं. तीच धडपड दीड मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सतरापट होते. तिथे शेजाऱ्याचं कोण ऐकणार? रकान्यात 1 च्या पुढे दोन शून्यं टाकायचा अवकाश, आउटपुटची ताठ चौकोनी लाट भुईसपाट होते.

म्हणून मला त्या शोधनिबंधांच्या ढिगाचा कधीकधी राग येतो. आमच्या रॅम सेलला आधीच्यापेक्षा कमी सेल लागतात, क्षेत्रफळ इतके टक्के कमी, विलंब पाव चक्राने कमी. तक्त्यात आधीच्या दहा डिझाइनची नावं, शेवटी ठळक अक्षरांत आपलं. यातलं कुठलंच डिझाइन कुणी बनवलेलं नाही, आणि 18 नॅनोमीटर मापाने ते खोलीच्या तापमानाला चालणारही नाही. राग येतो आणि तरी दरवर्षी एखाद्या मुलाला किंवा मुलीला हाच विषय देते. बहुमताने चालणारं लॉजिक, करंटशिवायची तार, उभा न राहणारा बिट, यावर डोकं चालवताना मुलं जितकी खोल जातात तितकी ठरीव प्रयोगांत जात नाहीत. हे मी स्वतःला दिलेलं स्पष्टीकरण आहे. ते पुरेसं आहे असं मला रोज वाटत नाही.

कारण सगळंच हवेत आहे असंही नाही. नोत्र दाममध्येच 1997 साली ॲल्युमिनियमचे तुकडे आणि त्यांच्यामधले ऑक्साइडचे पातळ सांधे वापरून एक चालता सेल दाखवला गेला, केल्विनच्या शंभराव्या भागांत मोजावं लागेल इतक्या थंडीत. खोलीच्या तापमानाला यायचं तर सेल अणू-रेणूंच्या मापाचा हवा, कारण अंतर जितकं घटेल तितकी ती ऊर्जा वाढते. आणि तेही झालंय. कॅनडातच, अल्बर्टा विद्यापीठात रॉबर्ट वोल्को यांच्या गटाने सिलिकॉनच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा थर चढवून त्यातला एकेक अणू, अणू चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या टोकदार सुईने उपटला. जिथून अणू गेला तिथे सिलिकॉनचा एक हात, म्हणजे बंध, मोकळा राहतो, आणि तोच डॉट. आपल्याला माहीत असलेला सगळ्यात लहान. असे चार मोकळे हात जवळजवळ आणले तर ते क्यूसीएच्या सेलसारखे वागतात, खोलीच्या तापमानालासुद्धा, हे त्यांनी 2009 मध्ये मांडलं. पुढे 2018 मध्ये याच पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू हवे तिथे काढून, परत बसवून त्यांनी 192 बिटची मेमरी लिहिली आणि तिच्यात एका व्हिडिओ गेमची धून साठवली. ती मेमरी उभी राहणारी, बोट ठेवून दाखवता येणारी. बोट अर्थात सुईचं.

त्याच अणूंचं रिंगण अजून मी कुठे पाहिलेलं नाही, आणि त्याचं कारण बहुतेक डिझाइनमध्ये दिसतच नाही. क्लॉक आणणार कुठून? स्क्रीनवर आपण सेलवर क्लिक करतो आणि रंग बदलतो, तीन सेल हिरवे, पुढचे दोन जांभळट, मधला एक पांढरा. प्रत्यक्षात त्या तीन सेलखालून एक धातूची तार जायला हवी आणि तिचं विद्युतक्षेत्र शेजारच्या दोन सेलना लागता कामा नये. साठ नॅनोमीटरच्या पट्ट्यात चार वेगवेगळ्या क्लॉकच्या तारा गुंतवायच्या, त्याही रिंगणाच्या वळणांवर. अलीकडे क्लॉकचे भाग ठरावीक जाळीतच बसवायच्या पद्धती निघाल्या आहेत, आणि त्या पाळल्या की तक्त्यातले ते ठळक आकडे एकदम सुजतात. क्षेत्रफळ वाढतं, विलंब वाढतो, रिंगण लांब होतं. त्यामुळे कुणाला त्या पाळायच्या नसतात. पुढच्या बॅचला मी सेल आणि त्यांच्याखालच्या क्लॉकच्या तारा, दोन्ही काढायला लावणार आहे, आणि तापमानाचा रकाना कोरा ठेवून देणार आहे. रिव्ह्यूला कुरकुर होणार, निबंध लवकर छापून येणार नाहीत. परीक्षक तेच आले तर त्यांना बोट ठेवायला निदान एक तार तरी मिळेल.